मोटारीचा मागला दिवा : एका बिघाडाचा अभ्यास

मोटारीस जितके दिवे असतात त्यांपैकीं मागला तांबडा दिवा हाच असा आहे कीं, जो हांकणाऱ्याच्या स्वतःच्या कांहींच उपयोगाचा नाहीं. पुढचे दिवे त्याला वाट दाखवितात, समोरच्या तबकड्यांमागचे बारीक दिवे त्याला वेग दाखवितात. मागला दिवा मात्र त्याला बसल्या जागेवरून दिसतही नाहीं. तो जळत असला तर लाभ मागून येणाऱ्या परक्या माणसाचा, आणि विझला तर शिक्षाही प्रथम त्याच परक्या माणसास. ह्यामुळेंच कीं काय, मोटारीच्या साऱ्या बिघाडांत ह्या एका बिघाडाकडे सर्वांत उशिरां लक्ष जातें. इंजिन खोकूं लागलें तर मालक त्याच दिवशीं मेस्त्रीकडे धांव घेतो. मागला दिवा महिनेच्या महिने मिणमिणत राहतो.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांत ह्या दिव्याचें मोल दिवाळीनंतर कोणास सांगावें लागत नाहीं. गळीत हंगाम सुरू झाला कीं कुडित्रे, बिद्री, शिरोळ येथील साखर कारखान्यांच्या वाटांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. उसाचीं टोकें मागें लोंबत असतात. त्यांच्या आड दिवा असला तरी दिसत नाहीं, आणि पुष्कळदां तो नसतोच. येथें एक लहानसा हिशेब करूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. पुढचा अडथळा डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरूं. तेवढ्यांत १७ मीटर संपले. मग कोरड्या सडकेवर चांगल्या ब्रेकनें दर सेकंदास ६ मीटर-प्रतिसेकंद ह्या मानानें वेग कमी होत गेला, तर गाडी थांबावयास आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४० मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांत मागला तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसावा असें सांगितलें आहे. तो तसा दिसला तर मागच्या हांकणाऱ्यास नऊ सेकंदांहून अधिक अवधि मिळतो. पण सडकेवर उभी राहिलेली ट्रॉली तीस मीटरांवर आल्यावरच दिसली तर? मोटार तिच्यावर ताशीं सुमारें ३९ किलोमीटर वेगानें जाऊन आदळते. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं गतीच्या समीकरणांवरून हा आकडा स्वतः काढून पाहावा. भिजलेल्या सडकेसाठीं ६ च्या जागीं ३ घालून पाहावें म्हणजे पालकांसही तो दाखवावासा वाटेल.

अभ्यासासाठीं मात्र आम्ही ट्रॉलीपासून आरंभ न करितां एक जुनी स्पोर्ट्स कार घेत आहों. अलीकडच्या मोटारींत दिव्यांवर देखरेख करण्यास संगणक बसविलेला असतो, तारा बंद नळ्यांतून गेलेल्या असतात, आणि विद्यार्थ्यास बोट ठेवून 'प्रवाह येथून येतो, येथून जातो' असें म्हणतां येत नाहीं. जुन्या स्पोर्ट्स कारमध्यें सारें उघडें असतें. दोन माणसांची जागा, कापडी छप्पर, हलकें अंग, आणि मागल्या दिव्यांस जाणाऱ्या मोजून चार-पांच तारा. इंग्लंडांत ऍबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ ह्या काळांत निघालेली एम्. जी. कंपनीची टी. सी. ही ह्या जातीची प्रसिद्ध मोटार. तिचें अंग लांकडी चौकटीवर पोलादी पत्रा बसवून केलेलें असे. आपल्या शेजारीं गोव्यांतही अशी एक मोटार निघाली होती हें पुष्कळांस ठाऊक नसेल. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत तेथें सॅन मोटर्स कंपनीनें 'स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची उघडी मोटार बांधली. इंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचें, आणि अंग पत्र्याचें नव्हे तर काचतंतूंचें, म्हणजे कारागीर ज्यास फायबर म्हणतात त्याचें. त्या मोटारी थोड्याच निघाल्या, आणि ज्या उरल्या त्या आतां जुन्यांतच मोडतात. (दसऱ्याच्या दिवशीं दसरा चौकांत येणारी छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार आमच्या वाचकांनीं पाहिली असेलच, परंतु ती राजस्वारीची गाडी, तिची जात निराळी.) फायबरच्या अंगाची गोष्ट मात्र वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्यावांचून आपलें कोडें सुटावयाचें नाहीं.

विजेचा प्रवाह हा रहाटाच्या माळेसारखा असतो. गाडगीं भरून वर येतात, रिकामीं होऊन खालीं जातात. माळ भरल्या बाजूला तुटो कीं रिकाम्या बाजूला, पाणी येणें बंद होतें. बॅटरीच्या एका टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच व तार ह्या मार्गानें बल्बच्या तंतूपर्यंत जातो. हा जाण्याचा मार्ग. तंतूंतून निघून तो बल्बच्या पितळी टोपणांत, टोपणांतून होल्डरमध्यें, होल्डरमधून मोटारीच्या लोखंडी अंगांत आणि तेथून बॅटरीच्या दुसऱ्या टोकास परत येतो. घरांतल्या दिव्यास दोन तारा येतात. मोटारींत एक तार वांचविण्यासाठीं मोटारीचें अंगच परतीच्या तारेचें काम करतें. ह्या परतीच्या मार्गास गॅरेजांत 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी, आणि त्याचा संबंध मातीशीं. मोटार तर रबरी चाकांवर उभी असते, तिच्या विजेचा मातीशीं संबंध येतच नाहीं. तरीही 'ह्या दिव्यांत अर्थ नाहीं' असें मेस्त्री म्हणतो तेव्हां त्याचें मराठी आम्हांस फार आवडतें. टी. सी.सारख्या जुन्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचें धन टोक अंगास जोडलेलें असे. पुढें सर्वत्र ऋण टोक जोडण्याची रीत पडली. साध्या बल्बच्या तंतूस प्रवाह कोणत्या बाजूनें आला ह्याशीं कांहीं कर्तव्य नसतें, म्हणून आपल्या विवेचनांत त्यानें फरक पडत नाहीं. परंतु जुन्या गाडींत नवा रेडिओ किंवा एल्. ई. डी. दिवा बसविणारानें हें आधीं पाहिलें पाहिजे.

मागल्या दिव्याचा बल्ब पुष्कळ मोटारींत दोन तंतूंचा असतो. एक ५ वॅटचा, तो रात्रीं सतत जळावयाचा. दुसरा २१ वॅटचा, तो ब्रेक दाबला म्हणजे पेटावयाचा. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट धरला तर पहिल्यांतून ०.४२ अँपिअर व दुसऱ्यांतून १.७५ अँपिअर प्रवाह जातो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम ह्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें दाबास प्रवाहानें भागलें कीं विरोध मिळतो : पहिल्या तंतूचा २८.८ ओहम, दुसऱ्याचा सुमारें ६.९ ओहम. हे दोन आंकडे हाताशीं ठेवावे. दोन्ही तंतूंस जाण्याच्या तारा वेगळ्या, पण परतीचा मार्ग एकच, म्हणजे तें पितळी टोपण. ह्या एका गोष्टींत पुढची सारी गंमत आहे.

बल्बच्या टोपणास दोन खुंट्या असतात व त्या मुद्दाम वर-खालीं बसविलेल्या असतात, बल्ब उलटा बसूं नये म्हणून. तरीही झिजलेल्या होल्डरांत जोर करून तो उलटा बसविणारे बलभीम आढळतात. मग रात्रभर २१ वॅटचा तंतु जळत राहतो, आणि ब्रेक दाबला कीं बिचारा ५ वॅटचा पेटतो, जो त्या उजेडांत कोणास दिसत नाहीं. दुसरी चूक दुकानांत होते. ट्रकची वीज २४ व्होल्टांची. तिचा बल्ब मोटारीच्या होल्डरांत नीट बसतो, पेटतोही, पण १२ व्होल्टांवर त्याचा प्रकाश सुमारें दहाव्या हिश्श्यावर येतो. तेव्हां बल्ब हातीं घेतला कीं आधीं टोपणावरचा आंकडा वाचावा, मग कांच काळवंडली आहे काय व तंतु अखंड आहे काय तें पाहावें. बल्बची चौकशी येथें संपली.

आतां मुख्य कोडें. एका जुन्या स्पोर्ट्स कारचा डावा मागला दिवा रात्रीं बऱ्यापैकीं जळतो. हांकणाऱ्यानें ब्रेक दाबला कीं उजवा दिवा लख्ख होतो, आणि डावा मात्र एकदम विझतो. पाय काढला कीं पुन्हां पेटतो. ज्या क्षणीं मागच्या माणसास इशारा हवा, नेमका त्याच क्षणीं अंधार! दिवसां, दिव्यांचा स्विच बंद असतांना ब्रेक दाबला तर आणखी विचित्र : डावा ब्रेकचा दिवा पेटत नाहीं, पण समोरच्या तबकड्यांमागचे दिवे अगदीं पुसट उजळतात. अशा वेळीं अननुभवी माणूस प्रथम बल्ब बदलतो, मग फ्यूज, मग ब्रेकचा स्विच, आणि शेवटीं 'सारें वायरिंगच खराब आहे' असें म्हणून नव्या वायरिंगचा खर्च काढतो. ह्यांतलें कांहींही खराब नसतें. डाव्या होल्डरची परतीची वाट तेवढी तुटलेली असते.

परतीची वाट तुटली असूनही दिवा जळतो कसा, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं येथें थांबून स्वतःस विचारावा. प्रवाहास घरीं परतावयाचें असतें. एक वाट बंद झाली तर तो दुसरी शोधतो. रात्रीं मागल्या दिव्याच्या तारेनें तो डाव्या बल्बमध्यें येतो, ५ वॅटच्या तंतूंतून टोपणांत पोंचतो आणि पाहतो तों पुढें रस्ता नाहीं. परंतु त्याच टोपणास २१ वॅटचा तंतूही जोडलेला आहे. तेव्हां तो त्या तंतूंतून उलटा शिरतो, ब्रेकच्या तारेनें मागें जातो, ती तार जेथें उजव्या दिव्याच्या तारेस मिळते तेथून उजवीकडे वळतो, आणि उजव्या बल्बच्या २१ वॅटच्या तंतूंतून, उजव्या होल्डरच्या चांगल्या अर्थमधून घरीं जातो. वाटेंत विरोध लागला २८.८ आणि दोनदां ६.९, म्हणजे ४२.६ ओहम. त्यांतही हे दोन मोठे तंतू थंड असल्यामुळें त्यांचा खरा विरोध ह्याहून पुष्कळच कमी असतो. म्हणून १२ व्होल्टांपैकीं बराच मोठा वांटा ५ वॅटच्या तंतूस मिळतो व दिवा जवळजवळ नेहमीसारखा जळतो. पाहणारास कांहीं संशय येत नाहीं.

आतां ब्रेक दाबला. ब्रेकच्या तारेंतही बॅटरीचे १२ व्होल्ट आले. डाव्या बल्बच्या एका तंतूच्या टोकाशीं १२, दुसऱ्याच्या टोकाशीं १२, आणि मधलें टोपण कोठेंच जोडलेलें नाहीं. दोन्ही हौदांतलें पाणी सारख्या उंचीवर असलें म्हणजे त्यांना जोडणाऱ्या नळींतून पाणी हालत नाहीं, तसेंच येथें. प्रवाह थांबला, दिवा विझला. दिवसांच्या त्या पुसट उजेडाचेंही कारण आतां उघड आहे. दिव्यांचा स्विच बंद असतांना ब्रेकचा प्रवाह डाव्या बल्बच्या मोठ्या तंतूंतून लहान तंतूंत उलटा शिरतो आणि मागल्या दिव्यांच्या तारेनें निघून उजवा मागला दिवा, पुढचे छोटे दिवे, तबकड्यांचे दिवे ह्या सर्वांतून वाटून घरीं जातो. आमच्या मतें विद्युच्छास्त्राच्या वर्गांत शिकविण्यास ह्याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. फळ्यावर दोन बल्ब व पांच रेघा काढल्या कीं पुरे.

वाट पूर्ण तुटली नसून गंजली असेल तर लक्षणें सौम्य होतात, आणि म्हणूनच अधिक फसवितात. समजा होल्डर व अंग ह्यांच्या जोडांत गंजामुळें ३ ओहम विरोध आला. नुसता मागला दिवा लागला असतां एकूण विरोध ३१.८ ओहम, बल्बला १२ पैकीं १०.९ व्होल्ट मिळतात व उणीव सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीं. ब्रेक दाबल्यावर दोन्ही तंतू शेजारी शेजारी जळूं लागतात. त्यांचा मिळून विरोध ५.५ ओहम होतो, आणि तोच ३ ओहमचा गंज आतां १२ पैकीं ४.२ व्होल्ट गिळून टाकतो. बल्बला उरले ७.८. तंतूचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें घटतो, ७.८ व्होल्टांवर ब्रेकचा दिवा आपल्या पूर्ण प्रकाशाच्या पाव हिश्श्याहूनही कमी उजेड देतो. हा हिशेब स्थूल आहे, कारण दाब उतरला कीं तंतूचा विरोधही थोडा उतरतो. पण अनुभवाशीं तो चांगला जुळतो. जो दिवा ब्रेक दाबल्यावर ठळक होण्याऐवजीं नुसता तांबूस होऊन राहतो, त्याच्या जोडांत गंज आहे असें समजून कामाला लागावें.

तपासणीस मोठीं यंत्रें लागत नाहींत. उद्यमनगरांतल्या कोणत्याही गॅरेजांत खुंटीस एक जुना बल्ब टांगलेला दिसेल. त्याला दोन लांब तारा जोडून एकीस चिमटा व दुसरीस टोकदार सळई लाविलेली असते. हाच टेस्ट लॅम्प. चिमटा इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावावा, मागल्या दिव्याचा बल्ब काढून सळई होल्डरच्या तळाशीं असलेल्या पितळी टिकल्यांवर आळीपाळीनें टेकवावी. दिव्यांचा स्विच लावल्यावर एका टिकलीवर व ब्रेक दाबल्यावर दुसरीवर टेस्ट लॅम्प पेटला, कीं फ्यूज, स्विच, तारा ह्या सर्वांची एकदम निर्दोष सुटका झाली. शोधाची अर्धी वाट एका मिनिटांत तोडली. मग बल्ब जागेवर बसवून एक तारेचा तुकडा घ्यावा. त्याचें एक टोक होल्डरच्या धातूस व दुसरें चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या भागास धरावें. दिवा झटकन् उजळला तर दोष अर्थमध्येंच, ह्याबद्दल वाद उरत नाहीं.

व्होल्टमीटर वापरणारांस एक इशारा द्यावासा वाटतो. बल्ब काढून रिकाम्या होल्डरांत दाब मोजला तर मीटर बहुधा पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, मग ती तार एकाच केसाएवढ्या धाग्यानें लोंबत कां असेना. मीटर जवळजवळ कांहींच प्रवाह घेत नाहीं, आणि प्रवाहच नसला तर गंज कांहीं गिळूं शकत नाहीं. म्हणून बल्ब जळत असतांना, ब्रेक दाबलेला ठेवून, होल्डरचा धातु आणि बॅटरीचें अर्थचें टोक ह्यांमधला दाब मोजावा. चांगल्या जोडांत तो अर्ध्या व्होल्टाहून पुष्कळच कमी असतो. तो दोन-चार व्होल्ट भरला तर चोर सांपडला.

हा चोर येतो कोठून? कोल्हापुरास पावसाळा लांबतो. गोव्याकडे खारा वारा असतो. तांब्यावर हिरवी बुरशी, लोखंडावर तांबेरा, आणि होल्डरची जागा तर चाकाच्या चिखलाशेजारीं. पण जुन्या गाड्यांच्या बाबतींत आम्हांस आणखी एक कारण फार वेळां दिसतें, तें म्हणजे नवा रंग. हौशी मालक गाडी उतरवून रंगवितो, दिवे पुन्हां बसवितो, आणि जेथें धातूस धातु लागावयाचा तेथें आतां रंगाचा सुंदर थर बसलेला असतो. रंग हा विजेस भिंतीसारखा. गाडी आरशासारखी चकाकते आणि मागला दिवा मिणमिणतो! अशा ठिकाणीं स्क्रूखालची रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनें उजळ करावी, दांतेदार वॉशर घालून स्क्रू घट्ट आवळावा, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा म्हणजे पाणी शिरत नाहीं.

फायबरच्या अंगास हा उपाय लागू नाहीं. काचतंतूंतून प्रवाह जातच नाहीं. तेथें अंग परतीच्या तारेचें काम करूं शकत नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी अर्थची तार न्यावी लागते, व तिचा रंग बहुधा काळा असतो. फायबरची मोटार दुरुस्तीस आली तर जाणता मेस्त्री बल्बकडे पाहण्याआधीं ती काळी तार शोधतो. ती कोठें तरी एका स्क्रूखालीं दबलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनीं तिचें कडें तुटलेलें असतें. पुष्कळदां चार दिव्यांच्या काळ्या तारा एकाच स्क्रूखालीं एकत्र येतात. असा स्क्रू सैल झाला कीं ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उघडझांप विसरतो, इंडिकेटर लावल्यावर मागला दिवा डोळे मिचकावतो, आणि मालकास भुताटकीचा भास होतो. आम्हांस विचाराल तर अशा मोटारीस मागल्या प्रत्येक दिव्यासाठीं नवी काळी तार थेट चासीपर्यंत टाकून घ्यावी. खर्च अगदीं थोडा, आणि पुढचीं कित्येक वर्षें त्या कोपऱ्याकडे बघावें लागत नाहीं.

इतर बिघाड थोडक्यांत सांगतों. टेस्ट लॅम्प होल्डरांत पेटलाच नाहीं तर दोष जाण्याच्या वाटेवर. मग फ्यूजपासून क्रमानें मागें यावें. ब्रेकचा दिवा दोन्ही बाजूंस पेटत नसेल तर ब्रेकचा स्विच पाहावा : जुन्या गाड्यांत तो तेलाच्या दाबानें चालणारा, नळीवर बसविलेला, नंतरच्या गाड्यांत पायाच्या दांड्याजवळ. फ्यूज वारंवार उडत असेल तर कोठें तरी तार पत्र्याच्या भोंकाच्या धारेवर घासून उघडी पडली आहे. भोंकांतली रबरी कडी गेली आहे काय तें पाहावें. फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद गुंडाळून घालण्याची एक जुनी युक्ति आहे. ती करणाराचें कौतुक होऊं नये. फ्यूज हा स्वतः जळून तार वांचविण्यासाठीं असतो. त्याला जळूं दिलें नाहीं तर तार जळते, आणि फायबर, कापड व पेट्रोल ह्यांच्या शेजारीं ती जळणें म्हणजे काय हें सांगावयास नको.

जुन्या इंग्रजी मोटारींचीं विद्युत्साधनें बहुधा बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस कंपनीचीं असत, आणि त्या मोटारींच्या हौशी मालकांनीं थट्टेनें लूकसला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी दिली आहे. थट्टा खुसखुशीत असली तरी आम्हांस ती फारशी न्याय्य वाटत नाहीं. पन्नास-साठ वर्षें पावसांत उभ्या राहिलेल्या जोडांस गंज चढला तर तो कारखान्याचा दोष म्हणतां येत नाहीं. उलट त्या कंपनीनें तारांस ठरीव रंग देण्याची जी पद्धत चालविली, ती तपासणारास मोठी सोयीची आहे : अशा पुष्कळ गाड्यांत मागल्या दिव्याची तार तांबडी, ब्रेकच्या दिव्याची हिरवी व तीवर जांभळी रेघ, आणि अर्थची काळी. रंग उडालेले असले तरी टोपणाखालीं झांकलेला इंचभर भाग पुसून पाहिला कीं मूळ रंग सांपडतो.

कांहीं मालक ह्या साऱ्या खटपटीस कंटाळून एल्. ई. डी. बल्ब घालतात. तो अगदीं थोडा प्रवाह घेतो, म्हणून गंजलेल्या जोडांतूनही पेटतो. पण गंज तेथेंच राहतो, आणि पांढऱ्या उजेडाचा एल्. ई. डी. तांबड्या कांचेमागें घातला तर दिसावयास प्रखर, दुरून फिकट, असा अनुभव पुष्कळांस येतो. घालावयाचाच तर तांबड्या कांचेमागें तांबड्या उजेडाचा घालावा, आणि तोही जोड स्वच्छ करून मगच.

आतां आम्ही आरंभीं सोडलेल्या उसाच्या ट्रॉलीकडे वळतों, कारण वरचा सारा अभ्यास तिला जसाच्या तसा लागू पडतो. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागें सात पिनांचें सॉकेट असतें व त्यांतून ट्रॉलीच्या दिव्यांस तारा जातात. त्यांत अर्थचीही तार असावयाची. पण ती तुटली किंवा घातलीच नाहीं, तरी दिवे पेटतात. प्रवाह परत येतो तो ट्रॉलीचा दांडा ज्या लोखंडी पिनेनें ट्रॅक्टरास अडकविलेला असतो त्या पिनेमधून. अंगणांत उभ्या ट्रॉलीचें ओझें पिनेवर दाबून बसलेलें असतें, लोखंडास लोखंड लागतें, दिवा चांगला दिसतो आणि मालक निश्चिंत होतो. सडकेवर आल्यावर खड्ड्यागणिक पीन उडते, तिच्यावर ग्रीस व गंज असतो, आणि दिवा क्षणांत पेटतो, क्षणांत विझतो. दोन ट्रॉल्या जोडल्या असल्या तर मागलीचा प्रवाह दोन पिनांतून यावयाचा. मागून येणाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाची असते ती मागलीच. हंगामांत ट्रॉल्यांस परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या अवश्य लावून घ्याव्या. परंतु पट्टी दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडावर चमकते आणि तिच्यावर चिखल बसला कीं तीही मुकी होते. ती दिव्याचें काम पुरें करीत नाहीं.

ज्या घरीं ट्रॅक्टर आहे तेथील मुलांनीं एका संध्याकाळीं हें करून पाहावें. इंजिन बंद, गिअर काढलेला, हातब्रेक ओढलेला व चाकांस दगड लाविलेले अशा ट्रॉलीचे दिवे वडील माणसानें लावावे. मग त्यांनींच पहारीनें दांडा पिनेवर थोडा उचलून हालवावा, आणि मुलानें बाजूला, सुरक्षित अंतरावर उभें राहून तांबड्या दिव्याकडे पाहावें. दिवा अढळ राहिला तर अर्थची तार शाबूत आहे. तो लुकलुकला तर सॉकेटापासून ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत एक काळी तार, चांगली जाड, मेस्त्रीकडून टाकून घ्यावी. मोटार असलेल्यांस तर दुसऱ्या माणसाचीही गरज नाहीं. अंधार पडल्यावर मोटार पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून चार हात अंतरावर उभी करावी, दिवे लावावे आणि आरशांत पाहत ब्रेक दाबावा. भिंतीवर दोन तांबडे डाग पडतात. ते दोन्ही बरोबर आणि सारखे उजळले पाहिजेत.